कोणच्या लाकडासाठी?

निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतरची दोन वर्षं तो मंठाळच्या बाजारात धार लावायला यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. पायानं फिरणारं चाक, त्यावर चामड्याचा पट्टा आणि पट्ट्याला सरसानं चिकटवलेली कुरुंदाची पूड. आम्ही सुतार पटाश्या घेऊन पुढ्यात उकिडवे बसायचो.

हत्यार हातात घेतलं की तो विचारायचा, “कोणच्या लाकडासाठी?” सागाला पातळ धार, बाभळीला जाड. उत्तर मिळेपर्यंत पाय हलवायचा नाही. मी वैतागायचो, “रोज रोज विचारायलाव कामून? लावा की.”

एकदा गावातला एक वजनदार माणूस धोतराच्या सोग्यात गुंडाळलेला जंबिया घेऊन आला. आम्ही माना खाली घातल्या. धारवाल्यानं जंबिया उलटसुलट बघितला आणि नेहमीच्याच आवाजात विचारलं, “कोणच्या लाकडासाठी, अण्णा?”

“लाकडासाठी न्हाई.”

“मग धार कशी ठिवायची, मला कळायचं न्हाई.”

पट्टा थांबलेलाच होता. तो माणूस जंबिया परत घेऊन सोग्यात गुंडाळत निघून गेला.

यानं माझ्यापुढं हात केला. पटाशी देताना, त्यानं विचारायच्या आत मी सांगितलं, “बाभूळ.”