अळीसाठी पेरलेल्या ओळी

"बियानं खोटं शे, साहेब," असं म्हणत नानांनी हिरवं बोंड फोडून माझ्या तळहातावर ठेवलं. आत गुलाबी अळी आरामात सरकी खात होती.

भडगावकडच्या त्या गावात मी कृषी खात्याकडून पाहणीला गेलो होतो. नानांच्या बांधावर गाव जमलं होतं. बियाणं बोगस आहे एवढं मी लिहून द्यावं, अशी सगळ्यांची अपेक्षा. पण बियाणं तेच होतं, अळी बदलली होती.

मी समजावू लागलो. बीटी कपाशीच्या झाडातच अळीला मारणारं विष असतं. असंख्य अळ्यांत एखादी जन्मतःच अशी निघते की तिला ते बाधत नाही. बाकीच्या मरतात, ती उरते. तिची पिलावळही बरीचशी तशीच. वर्षानुवर्षं तेच पीक घेतलं की शिवारात तिचीच प्रजा वाढते. कुणी शिकवत नाही, कुणी घडवत नाही. उत्क्रांती म्हणतात ती हीच.

या बदलाचा वेग कमी व्हावा म्हणून तेव्हा बियाण्याबरोबर साध्या कपाशीची वेगळी पुडी यायची. ती शेताच्या कडेने पेरायची. तिथे साध्या अळ्या जगतात. त्यांचे पतंग चिवट पतंगांशी जुळले की पुढची पिढी पुन्हा विषाने मरते. इथे ती पुडी उकिरड्यावर जायची. अळीसाठी कोण पेरणार?

माझं बोलणं संपायच्या आत निम्मे लोक निघून गेले. चहाचंही कुणी विचारलं नाही. ऑफिसात माझे वरिष्ठ म्हणाले, "रिपोर्टमध्ये उत्क्रांती कशाला? कीड आढळली, एवढं लिहा." बायको-मुलं धुळ्याला. त्या संध्याकाळी भाड्याच्या खोलीत मला फार एकटं वाटलं.

पुढच्या हंगामात फक्त नानांनी पुडी पेरली. नाना अळ्यांना पंगत वाढतात, म्हणून गाव हसलं. त्यांच्याकडे बसायला येणारेही कमी झाले. मी गेलो की बांधावर आम्ही दोघंच.

दिवाळीनंतर त्यांच्या मधल्या बीटीच्या ओळींतही अळी निघाली. आजूबाजूच्या शेतांतून चिवट पतंग आले होते. नानांकडे मला बघवेना.

"तुम्हनं खरं व्हतं, साहेब," ते म्हणाले. "पन मी एकलाच व्हतू."

एखादी अळी वेगळी निघाली की पुरतं. तिला आवरायला मात्र अख्खं शिवार लागतं.

त्या वर्षी रिपोर्टमध्ये मी लिहिलं, कीड आढळली.