करडीच्या तेलातली काँटेसा

दिंद्रुडात आश्रुबांचं घर शोधायला पत्ता लागत नाही. ज्या घरासमोर एक माणूस गाडीच्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरलाय आणि नुसता पायजमा बाहेर राहिलाय, ते आश्रुबांचं घर. पाहुणा आला की पायजमा आतूनच म्हणतो, "जय भीम, या, बसा." पाहुणा बसतो, चहा पितो, सुखदुःखाचं बोलतो आणि उठून जातो, तरी वरचा भाग काही बाहेर येत नाही. रिटायर झाल्यापासून नवऱ्याचं तोंड आपण फक्त जेवताना पाहतो, असं त्यांच्या बायको सरूबाई सांगतात. सरूबाई थोडं वाढवून सांगतात, पण फार नाही.

गाडी म्हणजे काँटेसा. पांढरी, लांबलचक, नाक वर काढून उभी. एके काळी ही गाडी दारात आली की आत कोण बसलंय हे बघायच्या आधीच माणसं टोपी सावरायची. आश्रुबांनी उभी हयात ती चालवली, पण दुसऱ्याची. तालुक्याचे पुढारी विजयसिंह यांचे ते ड्रायव्हर. सगळा तालुका विजयसिंहांना साहेब म्हणायचा, आश्रुबा मात्र 'मालक' म्हणायचे, कारण त्यांचे वडील साहेबांच्या वडिलांकडे सालगडी होते आणि तो शब्द घरातच चालत आलेला होता.

पुढे साहेबांनी उंच, काळ्या काचांची नवी गाडी घेतली आणि काँटेसा गोदामामागे बाभळीखाली जाऊन पडली. आश्रुबा रिटायर झाले त्या दिवशी साहेबांनी शाल दिली, नारळ दिला आणि म्हणाले, "आश्रुबा, ती काँटेसा घेऊन जा. तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही ती." पुण्याला कंपनीत असलेल्या जीवनने, म्हणजे आश्रुबांच्या मुलाने, रजा काढून कागदपत्रं वडिलांच्या नावावर करून दिली. गाडी ट्रॅक्टरला बांधून घरी आली. नावावर झाली, पण आश्रुबांच्या जिभेवर काही झाली नाही. कुणी विचारलं, "कुणाची हो ही?" की हे आपले लगेच म्हणणार, "मालकांची गाडी हाय."

"अन् तुमी कोण? राखणदार?" सरूबाई घरातून विचारायच्या.

सरूबाईंचं आणि त्या गाडीचं जुनं वैर होतं. जीवन तान्हा असताना त्या एकदा माहेरी धारूरला निघाल्या होत्या. तेलगावच्या फाट्यावर उन्हात उभ्या. कडेवर पोर, पायाशी पत्र्याची पेटी, आणि एसटी येण्याचं नाव नाही. तेवढ्यात धारूरकडेच जाणारी पांढरी काँटेसा आली. मागचं सीट रिकामं आणि स्टेअरिंगवर सख्खा नवरा. सरूबाईंनी पेटी उचललीसुद्धा. पण मालकांच्या हुकुमाशिवाय गाडीत कुणाला घ्यायचं नाही, हा आश्रुबांचा शिरस्ता. त्यांनी स्टेअरिंगवरची दोन बोटं तेवढी वर केली आणि गाडी धुरळा उडवत निघून गेली. त्या दोन बोटांचा उद्धार त्या घरात आजतागायत होतो. भाजीत मीठ कमी पडलं तरी विषय फिरून तिथेच येतो.

म्हणून भावाच्या मुलीचं, पौर्णिमाचं, लग्न ठरल्याचा फोन धारूरहून आला तेव्हा सरूबाईंनी फोन ठेवला, पदर खोचला आणि बॉनेटपाशी जाऊन पायजम्याला सांगितलं, "ऐका. पौर्णिमाच्या लग्नाला मी ह्या गाडीत जाणार. मागच्या शिटावर बसून. वैशाखापस्तोर ही चालू झाली तर झाली. न्हाई तर त्याच दिशी भंगारवाल्याला बोलावते, अन् अंगणात शेवगा लावते."

आश्रुबा पहिल्यांदा पूर्ण बाहेर आले. सरूबाई बोलल्याप्रमाणे करतात, हे त्यांना संसारभर माहीत होतं. तरी तोंडावर म्हणाले, "चालू व्हायला काय धाड भरलीया? तिला नुसता आराम पायजेल."

आराम त्यांनी आधीच दिला होता, आणि तिथेच माती खाल्ली होती. गाडी आली तेव्हा थंडी संपत आलेली. दुरुस्तीचं सामान मिळेपर्यंत इंजिन उभंच राहणार, मग आत गंज धरू नये म्हणून त्यांनी प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडलं. इथवर शहाणपणाचं. पण तेल कुठलं? त्यांचे वडील बैलगाडीच्या आसाला घाण्यावरचं करडीचं तेल घालायचे आणि तो आस जन्मात कधी कुरकुरला नाही. डब्यातल्या काळ्या तेलापेक्षा आपलं घरचं, शुद्ध, डोळ्यांसमोर काढून आणलेलं तेल केव्हाही चांगलं, असा विचार करून आश्रुबांनी स्वयंपाकघरातली किटली उचलली आणि चारी भोकांत सढळ हाताने ओतली. वर मायेने म्हणाले, "मुरू दे अंगात."

मुरलं. शिमगा झाला, ऊन तापलं, पत्र्यासारखी तापलेली गाडी अंगणात उभी राहिली आणि तेल मुरतच राहिलं. सामान सगळं जमल्यावर त्यांनी पुलीला पाना लावून इंजिन फिरवून पाहिलं तर ते ढिम्म हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला. पाना सटकला, आश्रुबा बुडावर बसले. इंजिन जिथल्या तिथे.

ट्रॅक्टर दुरुस्त करणारे अजिनाथ मिस्त्री आले. त्यांनी इंजिनचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवलं, आत बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि पुन्हा एकदा हुंगलं.

"मामा," ते म्हणाले, "हितं भजी तळली व्हती का?"

आश्रुबा आकाशाकडे बघू लागले. पिस्टनवर पिवळ्या काचेसारखा थर बसला होता. नख लावलं तर निघेना. सरूबाई चहा घेऊन आल्या, वाकून बघितलं आणि कप खाली ठेवून म्हणाल्या, "म्हंजी माझं तेल हितं हाय! अन् मी इतके दिस उंदरावर आळ घेतेय!"

"गंज लागू नये म्हणून केलतं," आश्रुबा पुटपुटले.

"आवो, करडीचं तेल उन्हात ठिवल्यावर त्याचा डिंक व्हतो. किटलीचं बूच कधी उघडून बघितलं न्हाई का? दातानं वढावं लागतं." मग त्यांनी मिस्त्रींकडे वळून तक्रार पुरी केली. "चिंचेचा गोळा बी गायब हाय. रेडिएटर धुतला म्हणं. चटणीला मागितली तर म्हणतात, दुकानातून आण."

बैलगाडी रोज चालायची, म्हणून तिच्या आसावर तेलाला वाळायला सवड मिळत नव्हती, एवढी साधी गोष्ट आश्रुबांच्या ध्यानात आली नव्हती. ती आता आली, पण अशा गोष्टी ध्यानात येऊन आणखी वाईटच वाटतं. लग्न तोंडावर आलेलं. रोज सकाळी भंगारवाल्याचा भोंगा गल्लीतून जायचा आणि तो जाईपर्यंत आश्रुबा गाडीच्या टपावर हात ठेवून उभे राहायचे. मिस्त्रींनी थिनर ओतला, रॉकेल ओतलं, लाकडाचा ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोकलं. आश्रुबा शेजारी उकिडवे बसून प्रत्येक ठोक्याला स्वतःच "हळू, हळू" म्हणत. आपलं पोर दवाखान्यात असावं तसे ते हवालदिल झाले होते, आणि ते लपवायची त्यांना अक्कलही राहिली नव्हती. सरूबाईंनी ते पाहिलं. त्या दिवसापासून त्यांनी शेवग्याचं नाव काढलं नाही. पण मुदतही वाढवली नाही.

पिस्टन सुटले. हेड चढलं. लग्नाला आठवडाही उरला नसेल तेव्हा आश्रुबांनी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थुंकलं, पुन्हा खोकलं आणि एकदम घुमायला लागलं. मागून निघालेल्या निळ्या धुराने सगळी गल्ली भरली, आणि त्या धुराला तळणीचा असा काही खमंग वास होता की शेजारच्या चतुराबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"सरूबाई, पाव्हणे आले का वं? कशाचं तळण काढलंय?"

"काँटेसाचं," सरूबाई म्हणाल्या.

लग्नाच्या दिवशी आश्रुबांनी गाडी अशी पुसली की तिच्यात बघून भांग पाडावा. स्वतः पांढरी सफारी घातली, कारण ड्रायव्हर म्हणून तेच कपडे होते आणि चांगले कपडे म्हणूनही तेच होते. सरूबाई जांभळं पातळ नेसून बाहेर आल्या. आश्रुबांनी चटकन मागचं दार उघडून धरलं. सवयच ती. सरूबाई आत बसल्या, सीटवरून हात फिरवला, पाय लांब केले.  

रस्त्याला लागल्यावर मागून आवाज आला, "काच वर करा. केस उडायलेत."

"जी," आश्रुबा म्हणाले, आणि मग स्वतःच ओशाळले. मागून हसण्याचा आवाज आला. तेलगावचा फाटा आला तेव्हा सरूबाईंनी मान वळवून पार मागे जाईपर्यंत त्या थांब्याकडे बघितलं. आश्रुबांनी दोन्ही हातांची सगळी बोटं स्टेअरिंगला घट्ट धरून ठेवली होती.

धारूरच्या घाटात इंजिन तापलं आणि तापमानाचा काटा तांबड्यात गेला. आश्रुबांनी एका वळणावर गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं आणि रेडिएटरवर ओलं पोतं टाकलं.

"उतर जरा खाली. वारं घे."

"साहेब उतरायचे का?"

"न्हाई."

"मग मी कावून उतरू?"

काटा खाली यायला बराच वेळ लागला. वरून उतरणारे ट्रकवाले भोंगे देत, वाकून बघत. आता इथेच दोरी लावून ओढायची पाळी आली, तर मेहुणा जन्मभर हसणार आणि बायको जन्मभर बोलणार, हे आश्रुबांना लख्ख दिसत होतं. त्यांनी बॉनेटवर थाप मारली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "इज्जतीचा सवाल हाय गं बाई." कुणाला म्हणाले ते सरूबाईंना कळलं नाही. गाडीला कळलं असावं. पुढचा चढ ती दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत कुंथत चढली आणि वरच्या सपाटीला लागल्यावर जणू काही झालंच नाही अशी चालायला लागली.

आता लग्नाच्या पत्रिकेवर, आपल्याकडे असतात तशी, 'प्रमुख उपस्थिती' म्हणून बड्या लोकांची नावं होती आणि त्यात विजयसिंहांचं नाव सगळ्यात वर होतं. येतील न येतील, नाव छापायचं ही रीत. मुलाकडची मंडळी मात्र ते खरं मानून सकाळपासून रस्त्याकडे डोळे लावून बसली होती. साहेबांनी गाडी बदलल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. मांडवाच्या टोकाला पांढरी काँटेसा वळताना दिसली आणि एकच गलका झाला. "साहेब आले! साहेब आले!" बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली. माईकवाल्याने स्वागत करतो, स्वागत करतो असं तीनदा म्हटलं. नवरदेवाचे काका फेटा सावरत, हातात गुलाबाचा जाडजूड हार घेऊन पळतच आले. त्यांनी आश्रुबांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ड्रायव्हरकडे कोण बघतं? त्यांनी थेट मागचं दार उघडलं आणि अदबीने वाकले.

आत सरूबाई बसल्या होत्या.

बँड एकदोन सुरांनंतर थांबला. माईकवाला "आपले लाडके..." म्हणून तिथेच अडकला. काका वाकलेलेच राहिले. मग त्यांनी सीटच्या त्या टोकापर्यंत नजर टाकली, पुढे ड्रायव्हरशेजारची जागा बघितली आणि गोंधळून विचारलं, "बाई, मालक कुठं हायत?"

 'न्हाई जी, मालक आले न्हाईत, मी नुसता ड्रायव्हर' हे शब्द आयुष्यभराच्या सरावाने आश्रुबांच्या ओठांवर आलेही होते. पण सरूबाईंनी आधी पाय खाली ठेवला, पातळाच्या निऱ्या झटकल्या आणि स्टेअरिंगकडे बोट केलं.

"हे काय, पुढं बसलेत की."

काका जरा हसले. "तसं न्हाई वं बाई. ते तुमचे मालक असतील. मी गाडीचे मालक इचारायलो."

"मी बी तेच सांगतेय," सरूबाई म्हणाल्या. "एकच हायत."

मांडवातली सगळी माणसं स्टेअरिंगवरच्या माणसाकडे बघू लागली. आश्रुबांनी खाली उतरायला दाराची कडी धरली खरी, पण हाताला ती उघडायचं सुचेना. डोळ्यांत पाणी आल्यामुळे कडी नीट दिसतही नव्हती. शेवटी नवरदेवाच्या काकांनीच पुढे येऊन त्यांच्यासाठी दार उघडलं.

"जय भीम, पाव्हणे," ते म्हणाले. "तुमची का गाडी?"

आश्रुबांनी एकदा सरूबाईंकडे पाहिलं.

"व्हय," ते म्हणाले. "माझी हाय."

आणि हार आता परत कुठे न्यायचा म्हणून काकांनी तो त्यांच्याच गळ्यात घातला.