पूजेत मांडलेली शाळा

माझ्या पायाला भिंगरी आहे असं माहेरी सगळे म्हणत. धारला आमच्या घरी शिलाईचं काम. आजोबांनी संस्थानाच्या वेळी दरबारचे अंगरखे शिवले, वडिलांनी पुढं शाळेचे गणवेश शिवले. सुईत दोरा ओवून एका जागी बसायचं, हेच त्या घरातलं पहिलं शिक्षण, आणि मला नेमकं तेवढंच जमलं नाही. नवरा मिळाला नगरकडचा, कारखान्याच्या नोकरीपायी देवासला आलेला. त्याला माझं मराठी पेशव्यांच्या काळातलं वाटे आणि मला त्याचं भांडायला उठल्यासारखं. पण घरात येरझाऱ्या घालणारी बायको त्यानं हसत चालवून घेतली. अशा बाईच्या वाट्याला एका नऊ वर्षांच्या मुलीला खाटेवर स्वस्थ बसवून ठेवायचं काम आलं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. त्या हिवाळ्यात मुलीला ताप भरला, गुडघे आणि कोपरं सुजली. आम्ही आपले मिठाच्या पुरचुंडीनं शेकत बसलो. शेवटी इंदूरच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि सांगितलं की सांध्यांचा ताप काळजापर्यंत गेला आहे. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन, जेवणात मीठ बेताचं, आणि धावणं, जिने चढणं, शाळा, सगळं बंद. "सालभर तो आराम। आगे का आगे देखेंगे," ते म्हणाले. ते शेवटचं वाक्य मला फार झोंबलं. मला पुढचं नेहमी आत्ताच पाहायचं असतं.

शाळेतून नाव काढलं. शाळेच्या बाई भल्या होत्या, म्हणाल्या, घरी शिकवा आणि परीक्षेला प्रायव्हेट बसवा. लग्नाआधी मी धारच्या एका बालमंदिरात वर्षभर मुलं सांभाळली होती, त्यामुळं शिकवायची धास्ती नव्हती. मी लगेच चौथीची पुस्तकं आणली. सगळी हिंदी, आमच्या घरातलं बोलणं मराठी, आणि मुलांचं दोन्हींची खिचडी.

जूनमध्ये शेजारच्या बाई मोसंबी घेऊन मुलीला पाहायला आल्या. मनानं वाईट नव्हत्या, पण जिभेला हाड नव्हतं. मी त्यांना मोठ्या हौसेनं सांगत होते की एक जुलैला शाळा उघडेल त्याच दिवशी घरातली शाळाही सुरू करणार. त्यांनी उसासा टाकला.

"अब पढ़ा के क्या करोगी, भाभी? जितने दिन हैं, लाड़ कर लो बच्ची के."

मधे नुसता पडदा होता. पडद्यापलीकडं खाट.

त्याच संध्याकाळी मुलीनं आपलं दप्तर धाकट्या भावाला देऊन टाकलं. खाकी जाड कापडाचं ते दप्तर माझ्या वडिलांनी धारला शिवलं होतं, आत कंपासपेटीचा वेगळा कप्पा, बाहेर पितळी बटण. भाऊ तेव्हा पहिलीत जायचा होता. वर्षभर तो त्या दप्तरासाठी रडला होता आणि तिनं त्याला बोट लावू दिलं नव्हतं.

"ले, तू रख ले," ती म्हणाली. "मला आता काय करायचंय."

तिला विचारायची हिंमत झाली नाही, कारण विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. त्या दिवसापासून ती पुढचं काही बोलेनाशी झाली. राखीला धारला जाऊ या का, तर "देखेंगे". दिवाळीला फ्रॉक कोणत्या रंगाचा, तर "कोणताही". नऊ वर्षांच्या पोरीला फ्रॉकचा रंग चालतो कसा कोणताही? तिनं मनाशी हिशेब संपवून टाकला होता, आणि तो चुकीचा आहे असं ठासून सांगायला माझ्याकडंही डॉक्टरांच्या त्या अर्धवट वाक्याशिवाय काही नव्हतं.

म्हणून मी ठरवलं, घरच्या शाळेचा पहिला दिवस वाजतगाजत करायचा. नवरा म्हणाला, "अगं, पुस्तक उघड आणि शिकव की. थाट कशाला?"

"थाटासाठीच सगळं आहे," मी म्हटलं. "जिला शिकवून उपयोग नाही, तिच्यासाठी एवढं कुणी करत नाही. हे तिला दिसू दे."

दुसऱ्या दिवशी तो पुस्तकांना घालायला खाकी कागद घेऊन आला. मी कव्हरं घातली. जुना गणवेश बाहीत सैल झाला होता, पोरगी वाळली होती, तो आत घेतला. कपाटाच्या दारावर वेळापत्रक चिकटवलं. पहिल्या तासाला गणित, मग हिंदी, सुट्टीत खारट नसलेले पोहे, मग भूगोल. पहिल्या दिवशी तिच्या वहीचं पहिलं पान भरलेलं मला हवंच होतं. संध्याकाळी ते पान तिच्या पुढ्यात धरून म्हणणार होते, बघ, झाली की नाही सुरुवात. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तशी माझी गत.

धारला निरोप पाठवून वडिलांना बोलावून घेतलं. त्यांच्या हातचा श्रीगणेशा लागतो असं आमच्याकडं मानत. आदल्या दिवशी ते इंदूरला बस बदलून आले, पिशवीत एक कोरी पाटी घेऊन. मुलगी पाटीकडं पाहून म्हणाली, "आजोबा, पाटी तो छोटे बच्चों की होती है."

"सरस्वती पाटीवरच काढतात, बाळ. वहीवर ती मावत नाही," ते म्हणाले.

एक जुलैला सकाळी कॉलनीतली पोरं निळ्या गणवेशात खिडकीसमोरून ओरडत चालली होती. कारखान्याचा भोंगा झाला. आमचे चिरंजीव ताईचं दप्तर गळ्यात घालून दारात उभे आणि बाहेर पडायला तयार नाहीत. घरात रांगोळी, फुलं, पाट मांडलेला, आणि त्याला मात्र एकट्याला शाळेत जायचं.

"मुझे भी घर की शाळा में बैठना है."

घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. मी त्याच्या हातावर साखर ठेवली, पाठीत एक हलका धपाटा घातला आणि नवऱ्याच्या सायकलवर बसवून धाडून दिला.

मुलीनं गणवेश घातला, पण दुसऱ्या कुणाचा घातल्यासारखा. वेणी घालू दिली, कुंकू लावू दिलं. मग म्हणाली, "ही झूठमूठची शाळा आहे ना, आई? सच्ची शाळा में घंटी होती है."

मी आत गेले, ताट आणि उलथनं घेतलं आणि खणखण वाजवलं. वडील हसले. ती हसली नाही. शाळा तिला भातुकलीसारखी वाटत होती, आणि आजारी पोरीची समजूत काढायला मांडलेली भातुकली तिला ओळखू येत होती.

वडिलांनी पाटावर नवं कापड घातलं. पाटीवर एकाखाली एक आकडे मांडून आमच्याकडं दसऱ्याला काढतात तशी सरस्वती काढली. चौथीची पुस्तकं, वह्या, पेन्सिल, सगळं एकावर एक रचलं. शिवणयंत्रावरची माझी कात्री दिसली तर तीही उचलून शेजारी ठेवली. शिंप्याच्या घरात कात्रीला वगळून कसली पूजा. हळद-कुंकू, अक्षता, फूल, खोबऱ्याचा नैवेद्य. मुलीच्या हातानं सगळं करून घेतलं. तिनं नमस्कार केला आणि मी अधीरपणानं गणिताच्या पुस्तकाकडं हात नेला.

"हां हां," वडील म्हणाले. "पूजेतलं हलवायचं नाही, बाई. उद्या सकाळी दही-पोह्यांचा नैवेद्य दाखवून उठवायचं."

मी तशीच हात पुढं करून बसले. जन्मापासून दर दसऱ्याला पाहिलेली गोष्ट. त्या दिवशी आमच्याकडं कात्रीला कुणी हात लावत नाही, मुलांनी पुस्तक उघडलं तर आई ओरडायची, आणि आम्ही त्या सुट्टीसाठीच दसऱ्याची वाट पाहायचो. पूजा म्हणजे त्या दिवसापुरती पुस्तकं बंद, हे मला माहीत नव्हतं थोडंच? पण थाटाच्या नादात ते माझ्या ध्यानातच आलं नाही. शाळा उघडायच्या दिवशी मी स्वतःच्या हातानं शाळेला कुलूप घातलं होतं.

"दसऱ्याचा नियम जुलैत कशाला?" मी म्हटलं.

"मांडलं कुणी? आपणच ना," वडील शांतपणे म्हणाले. "मग नियमही आपलाच."

त्यांच्याशी वाद घालून उपयोग नव्हता. नवी पुस्तकं पाटावर, वेळापत्रक कपाटावर, आणि मी मधल्या जागेत. कात्रीसुद्धा पूजेत गेलेली, नाहीतर ब्लाउज तरी बेतला असता. मी भांडी पुन्हा घासली. फळीवरचे डबे खाली काढले, पुसले, वर ठेवले. खिडकीपाशी जाऊन समोरची देवीची टेकरी अजून जागेवर आहे का ते पाहून आले. पहिला तास गेला, दुसरा गेला. आतल्या आत माझा तिळपापड होत होता. आजचा दिवस वाया गेला, आता ही कायमची म्हणणार की आईची शाळा खोटी, हेच डोक्यात घुमत होतं.

मुलगी खाटेवर गणवेशात पडून पाटाकडं पाहत होती. वडील तिच्या पायाशी बसून तिच्याच एका फ्रॉकची उसवलेली शिवण सुईनं घालत होते. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "आजोबा, उद्या ती पुस्तकं कोण उठवणार?"

"तू. ज्यानं मांडली त्यानंच उठवायची. दुसऱ्याचा हात चालत नाही."

"और वो नहीं हो तो?"

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. शेजारच्या बाईंचं बोलणं वडिलांना मी सांगितलं नव्हतं, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी दाताखाली दोरा तोडला.

"नसायला जातेस कुठं? धारच्या दुकानात कात्री मी मांडतो, मीच उठवतो. एका वर्षी मला एवढा ताप, तुझ्या मामानं हात धरून नेलं, पण उठवली मीच. तोवर ती बसून राहते. तिला कुठं घाई आहे? घाई सगळी तुझ्या आईला."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, तेही माझ्यावर. वडील पुढं म्हणाले, "दही मात्र गोड हवं. आंबट दह्याचा नैवेद्य चालत नाही, आईला सांगून ठेव."

"आई," तिनं हाक मारली, "दूध विरजलंस का?"

अजून दुपारही झाली नव्हती. तरी मी त्या क्षणी दूध कोमट केलं, विरजण लावलं आणि भांड्यावर ताटली ठेवली. त्या पोरीनं जूनपासून पहिल्यांदा दुसऱ्या दिवसाचं काही विचारलं होतं, पण मला खात्री वाटेना. दह्याची आठवण म्हणजे काही सगळं नाही, मी स्वतःला बजावलं. अर्ध्या तासानं तिनं पुन्हा विचारलं, लागलं का. मी म्हटलं, तूही माझ्याच वळणावर जाणार वाटतं.

भाऊ शाळेतून आला तो थेट पाटाकडं धावला. हात पुढं केला न केला तोच ती खाटेवरून कडाडली, "हात मत लगा! उद्या मी उठवणार आहे." इतक्या जोरात बोलू नकोस म्हणून मी पुढं झाले, पण ती उठून बसली होती आणि त्याच्या गळ्याकडं पाहत होती.

"माझं दप्तर दे," ती म्हणाली.

"तूने दे दिया था."

"दिलं होतं. आता परत दे. उद्या लागेल मला."

तो रडायला लागला. वडिलांनी त्याला जवळ घेतलं आणि नवीन शिवून पाठवायचं कबूल केलं, पितळी बटण लावून, ताईच्याहून मोठं. तोवर तिनं दप्तर उलटं करून त्याच्या गोट्या आणि खडूचे तुकडे खाटेवर ओतले, कंपासपेटीच्या कप्प्यात बोट घालून धूळ काढली, आणि दप्तर खाटेच्या दांडीला, हात पोचेल असं अडकवलं.

माझ्यानं राहवलं नाही. "अगं, दप्तर कशाला? जायचंय कुठं तुला? शाळा तर इथंच, या खाटेवर."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की एवढंही या बाईला कळत नाही.

"बिना दप्तरची शाळा असते का, आई?"

मला रडू फुटलं. ते तिला दिसू नये म्हणून मी आत गेले, फळीवरचे डबे खाली काढले आणि पुन्हा पुसायला बसले.