चेन कोरडी पडली तेव्हा

चेनीतून धूर निघाला नि नवऱ्यानं त्याचा झाडं कापायचा कटर बंदच केला. दवाखान्यात निघालेली आमची रिक्षा वाटेतच अडकलेली. मांडीवर चार महिन्यांची पोर तापानं फणफणलेली, नि रोह्याच्या रस्त्यात आडवं पडलेलं शिरीषाचं झाड अजून अर्धंपण कापलं नव्हतं.

आज शेजारी लाकूड कापतायत, तोच जळका वास आला नि सगळं आठवलं.

टाकीत तेल होतं, तरी चेन कोरडी. "तेल वाटेत अडलंय, चेन फिरते ती पट्टी खोला," मी नवऱ्याला बोलले.

सोबत आलेले सासरे ओरडले, "गो, बाईमाणसानं मशीनला हात लावायचा नाय!"

"मग हिला धरा," मी बोलले नि पोर त्यांच्याच हातात दिली.

पट्टी खोलली तर काय, दसऱ्याच्या पूजेला सासऱ्यांनी तेलाच्या भोकावरच ओलं हळदकुंकू थापलेलं, ते वाळून दगड झालेलं! केसातल्या पिनेनं सगळं उकरलं. पट्टी बसवून तेल येतंय का बघायला नवऱ्यानं पोरीच्या पांढऱ्या लंगोटासमोर चेन फिरवली, तर त्याच्यावर तेलाची रेघ उठली. झाड कापून रस्ता मोकळा केला नि तासाभरात आमची रिक्षा दवाखान्यात.

सासरे अजून बोलतात, "नवऱ्याच्या मशीनचं कुंकू पुसलंस."

व्हय, पुसलं! तुमची पोर अशी तापत असती तर तुम्ही काय केलं असतं, सांगा?