आपला माणूस धरावा

आमच्या ऑफिसात कन्नड चार्जशीटचं मराठी करायचं काम माझ्याकडे आहे. ऑफिस म्हणजे बेळगावात कोर्टासमोरच्या इमारतीत वकीलसाहेबांची एक खोली, फायलींनी फुगलेली दोन कपाटं आणि गळका कूलर. पक्षकार कडोली, खानापूर या बाजूचे. त्यांना कन्नड बोलता येतं, बाजारात घासाघीस करण्यापुरतं तर झकास येतं, पण पोलिसांचं छापील कन्नड समोर आलं की चष्मा पुसत बसतात. मग साहेब म्हणतात, "ताईंकडं द्या." मी वाचते, मराठी करते आणि टाइप करून देते. इतकी वर्षं झाली, आता खून काय आणि दरोडा काय, मी डबा खाता खाता वाचू शकते.

कायदा आपलेच रोजचे शब्द उचलतो आणि त्यांना कुंपण घालतो. मृत्यू म्हणजे माणसाचा मृत्यू, असं तो सुरुवातीलाच लिहून ठेवतो. दुखापत वेगळी, जबर दुखापत वेगळी. दात मोडला तर जबर. डोकं फुटून सदरा रक्तानं भिजला, पण हाड शाबूत राहिलं, तर बहुतेक वेळा साधी. एका म्हाताऱ्या पक्षकाराला मी हे समजावून सांगत होते. तो म्हणाला, "म्हंजे पोरी, डोसक्यापरास दाताला मान जास्त?" मी म्हटलं, कायदा तसाच आहे. त्यानं बोळकं उघडून दाखवलं. "माझा तर एक बी ऱ्हायला न्हाय. म्हंजे मला कुणीबी येऊन बडवावं."

नवी संहिता आली तेव्हा कलमांचे आकडे बदलले. जन्मभर पाठ केलेलं वाया गेलं म्हणून जुने वकील कुरकुरत होते. आतली वाक्यं मात्र बरीचशी तीच राहिली. त्यातलं एक वाक्य मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. अनेकांनी समान उद्देशानं गुन्हा केला, तर तो प्रत्येकानं एकट्यानंच केला असं समजायचं. 'समान उद्देश' कन्नडमध्येही तसाच आहे, त्यामुळे त्याचं मराठी करायचे कष्ट पडत नाहीत.

आमच्या घरचं चार्जशीट आलं, तेव्हा साहेब म्हणाले, "हे दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ." मी म्हटलं, कशाला. रोजचंच काम आहे.

आमचं गाव कडोलीच्या अलीकडे. आमचं आणि काकूचं शेत लागून आहे. काका फार लवकर गेले. काकूचा एकुलता एक मुलगा आणि माझा धाकटा भाऊ एकाच वयाचे. एका ताटात जेवले, एका तालमीत घुमले, एकाच मास्तरांचा मार खाल्ला. काका गेल्यावर माझ्या वडिलांनी, आप्पांनी, पुतण्याला अंतर दिलं नाही. सायकल घेतली ती दोघांत एक आणि शिकवली तीही दोघांना एकदमच, एकाला दांड्यावर बसवून. जमिनीची वाटणी पुढं झाली आणि वाटणीबरोबर बांध आला. भावकीत बांध आला की बोलणं कमी होतं, तसं आमचंही झालं.

त्या दिवशी चुलतभावानं नांगरटीला ट्रॅक्टर लावला होता. ट्रॅक्टरवाल्यानं वळवताना आमचा वीतभर बांध कोरला आणि तो दुसऱ्याच्या रानात निघूनही गेला. आप्पा खोरं घेऊन पाट वळवत होते. त्यांचा आणि चुलतभावाचा शब्दाला शब्द लागला. पलीकडून माझा भाऊ धावत आला आणि त्यानं चुलतभावाला पाठीमागून कंबरेला मिठी घालून धरलं. त्याच वेळी आप्पांच्या हातातल्या खोऱ्याचा दांडा चुलतभावाच्या डोक्यात बसला. काकू भाकरी घेऊन बांधावर पोचली होती. तिच्यासमोर तो खाली बसला, मग आडवा झाला. दवाखान्यात तो शुद्धीवर आलाच नाही. मी तेव्हा ऑफिसात कुणाचा तरी घटस्फोट टाइप करत होते.

चार्जशीटमध्ये आप्पा आरोपी नंबर एक होते आणि भाऊ नंबर दोन. 'आरोपी नंबर दोन याने मयतास पाठीमागून घट्ट धरून ठेवले व आरोपी नंबर एक याने त्याच्या डोक्यात दांड्याने प्रहार केला.' मी हे वाक्य टाइप केलं आणि पुढच्या वाक्याला लागले. साहेबांनी चहा मागवला, तो मी प्यायले. मला आता रडू फुटेल म्हणून सगळे वाट बघत होते, घरी आईसुद्धा. फुटलं नाही. दाढ काढताना इंजेक्शन दिल्यावर ओठ आपला असून आपला लागत नाही, तसं माझं सगळं अंग झालं होतं. मी नेहमीच्या बसनं जात होते, येत होते, भाकऱ्या थापत होते आणि मला काहीही वाटत नव्हतं. आई एकदा म्हणाली, "तुझं काळीज दगडाचं हाय काय गं?" मी म्हटलं, असेल.

आमच्या भागात भांडण सोडवायची एक रीत आहे आणि ती मी आप्पांच्याच तोंडून शिकले. भाऊ आणि चुलतभाऊ शाळेत असतानाची गोष्ट. जत्रेत कुस्त्यांच्या फडाबाहेर चुलतभावाची परगावच्या एका पोराशी जुंपली. भाऊ सोडवायला म्हणून मधे पडला आणि त्यानं त्या परगावच्या पोराला मिठी मारून धरलं. चुलतभावानं ही आयती संधी साधली आणि त्या पोराच्या थोबाडीत दोन ठेवून दिल्या. घरी आल्यावर आप्पांनी भावालाच धारेवर धरलं.

"सोडवायचं आसलं तर आपला माणूस धरावा," ते म्हणाले. "परक्याला धरलास की आपला मारायला मोकळा व्हतोय. त्येला सोडवणं म्हणत न्हाईत. ती मारायला मदत."

गावात हे शेंबड्या पोरालाही कळतं. सरकारी वकील याच मुलखातले, तेव्हा त्यांनाही माहीत असणारच. बाप भांडतोय, तर मुलगा बापाला मागं ओढेल. यानं समोरच्याला धरलं. म्हणजे कायद्यानं समान उद्देश आणि रितीनं मारायला मदत. एरवी आमची रीत आणि कायदा यांची कधी गाठ पडत नाही. माझ्या भावाच्या बाबतीत दोघांचं एकमत झालं.

दोघांनाही जामीन मिळाला नाही. हिंडलग्याच्या तुरुंगात भेटीच्या दिवशी मी आधी आप्पांना भेटायची, मग भावाला. आप्पा गाईचं विचारायचे, पावसाचं विचारायचे. भावाशी फारसं बोलणं व्हायचं नाही. एकदा मी त्याला सरळच विचारलं.

"तू त्येला का धरलास?"

मी असं काय विचारतेय, हे त्याला कळेना. "आपला माणूस धरायचा आसतोय न्हवं का, आक्का?"

"आपलं आप्पा हुतं की."

"आन् त्यो आपला न्हवता?"

तो रडत नव्हता, मीही नव्हते. मग माझ्यातली वकिलाची कारकून जागी झाली. मी म्हटलं, "हे आसंच्या आसं कोर्टात सांग. सुटशील."

"आप्पा शेजारी हुबं आसत्यात."

"मग?"

"त्येंच्या तोंडावर कसं सांगू? त्या येळंला तुमच्यापरास त्योच मला आपला वाटला म्हणून?"

मी ते साहेबांना सांगितलं. ते बराच वेळ पेनाचं टोपण उघडत-झाकत बसले. धरलं म्हणून कबूल करावं, तर सरकारी वकिलांना तेवढंच हवं होतं. धरलंच नाही म्हणावं, तर काकूनं डोळ्यांनी पाहिलेलं. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत. शेवटी ते म्हणाले, "सगळं तुमच्या काकूवर आहे. ती नुसतं 'धरलं' एवढंच म्हणाली, तरी पोरगा अडकतो."

काकू मुलाचे दिवस झाल्यावर निपाणीला आपल्या भावाकडे निघून गेली होती. आमच्याशी ती शब्दानं बोलली नव्हती आणि तिनं का बोलावं? आई एकदा कुणाला न सांगता निपाणीला जाऊन आली. दार उघडलं नाही. आई तशीच स्टँडवर बसून परत आली. मला कळल्यावर मी तिला झापलं, साक्षीदाराच्या दारात जाणं म्हणजे नवं लचांड. आई म्हणाली, "मी साक्षीदाराकडं न्हवते गेले. जावंकडं गेलते."

साक्षीच्या दिवशी काकू पांढऱ्या सुती पातळात आली. निम्म्यानं उरली होती. पिंजऱ्यात आप्पा आणि भाऊ शेजारी शेजारी उभे होते. तिनं दोघांकडेही पाहिलं नाही. सरकारी वकिलांनी विचारलं, तसं तिनं सांगितलं. ट्रॅक्टर, बांध, शिव्या, दांडा. तिचा आवाज सपाट होता, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसा. मला तो आवाज ओळखीचा वाटला. माझाही तेव्हा तसाच झाला होता.

"आरोपी नंबर दोननं काय केलं?"

"धरलं."

"कुणाला?"

"माझ्या लेकाला."

सरकारी वकील समाधानानं खाली बसले. आमचे साहेब उलटतपासणीला उठले. चार इकडचे-तिकडचे प्रश्न विचारून झाल्यावर त्यांनी सगळे वकील करतात ती सूचना केली. "तो भांडण सोडवायला आला होता आणि त्यासाठीच त्यानं तुमच्या मुलाला धरलं, असं माझं म्हणणं आहे." याला साक्षीदारानं 'खोटं आहे' म्हणायचं असतं. सरकारी वकिलांनी तिला तसं नक्कीच समजावलं असणार. मी नजर खाली घालून बसले होते.

काकू म्हणाली, "सोडवायला धरलं का कशाला, ते त्येला इचारा. त्यानं माझ्या लेकाला आपला म्हणून धरलं."

"म्हणजे?" न्यायाधीश म्हणाले.

"भांडणात माणूस आपल्या माणसाला धरतोय, साहेब. त्यो परका वाटला आसता तर ह्यानं भावजींस्नी धरलं आसतं." मग तिनं पहिल्यांदा पिंजऱ्याकडे पाहिलं, माझ्या भावाकडे. "एका ताटात जेवल्यात दोघं. मीच वाढलंय."

न्यायाधीशांनी टायपिस्टला कन्नडमध्ये वाक्य सांगितलं. एका ओळीत मावलं. भाऊ पिंजऱ्याच्या दांडीवर कपाळ टेकून उभा होता. आप्पा समोरच्या भिंतीकडे बघत होते. काकू उतरली, तडक बाहेर गेली आणि आईनं दारात हात पुढं केला तरी थांबली नाही.

निकालात समान उद्देश सिद्ध झाला नाही. भाऊ सुटला. आप्पांना सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली. निकालाचं मराठीही मीच केलं. त्यात 'धरले' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. दर वेळी मी तो टाइप केला आणि एकदाही हात अडला नाही.

भाऊ घरी आला तो गोठ्याच्या बाजूला पडून राहायचा. आप्पांना भेटायला चल म्हटलं, की पुढच्या खेपेला म्हणायचा. अशा बऱ्याच खेपा झाल्या. मग एके दिवशी मी चप्पल घालत होते, तर तो सदरा घालून दारात उभा. बसमध्ये आम्ही काही बोललो नाही. हिंडलग्याला पोचल्यावर तो तुरुंगाच्या फाटकापाशी अडखळला. "तू आदी जा. मी आलोय म्हणून सांग. ये म्हणालं तर येतो."

आप्पा जाळीपलीकडे आले. दाढी वाढली होती. त्यांनी नेहमीप्रमाणे गाईचं विचारलं, मी सांगितलं. बांधाचं कधीच विचारत नाहीत, त्या दिवशीही नाही. मग मी म्हटलं, "आप्पा, त्यो आलाय. भाईर हुबा हाय. आत येऊ काय म्हणतोय."

मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. माझ्या शेजारी एक बाई आपल्या नवऱ्याला मोठ्यानं घरच्या गोष्टी सांगत होती. मी पुन्हा विचारणार, एवढ्यात ते म्हणाले, "त्यानं त्येला धरलं. काय वंगाळ केलं न्हाय." त्यांनी जाळीवर हात ठेवला. "पर मला कुणी धरलं न्हाय, आक्का."

वेळ झाली म्हणून शिपायानं हाळी दिली. आप्पा वळले आणि रांगेतून आत गेले.

मी बाहेर आले. भाऊ फाटकासमोर उन्हात तसाच उभा होता. "काय म्हणालं?" मी त्याला सगळं सांगितलं, शब्दाला शब्द, चार्जशीटचं मराठी करते तसं. कमी केलं नाही, जास्त केलं नाही. आप्पांचं शेवटचं वाक्य सांगून झालं आणि तो एकदम फाटकाकडे निघाला. चालत नव्हता, धावत होता. पहारेकरी म्हणाला, भेटीची वेळ संपली. भावाला ते ऐकू आलं नसावं. त्यानं फाटकाचा गज पकडला आणि तो "आप्पा, आप्पा" म्हणून हाका मारायला लागला. पहारेकऱ्यानं काठी उचलली.

मी पर्स टाकून पळाले आणि भावाला पाठीमागून कंबरेला मिठी घालून धरलं. त्याची पाठ माझ्या गालाखाली थरथरत होती. तेव्हा मला रडू आलं, एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. पहारेकऱ्यानं काठी खाली घेतली आणि म्हणाला, "जावा ताई, घेऊन जावा त्येला." भावानं गज कधीच सोडला होता, तरी मी मिठी सोडली नाही.