घरकोंबडं चाक

माझ्या थोरल्या जाऊबाई घाबरट आहेत, हे त्या स्वतःच आधी सांगून टाकतात. कुकरची शिट्टी उशिरा झाली तरी घाबरतात, लवकर झाली तरी घाबरतात. शिलाईच्या दुकानात लोकांच्या पँटी आखूड करायचं काम त्या बावीस वर्षं करतायत, पण कात्री लावण्याआधी माप तीनदा घेतात. भाऊजी त्यांना भागूबाई म्हणतात. चारचौघांतसुद्धा.

दोन वर्षांपूर्वी भाऊजी सायकलवरून चालले असताना उभ्या मोटारीचं दार अचानक उघडलं. गळ्याजवळचं हाड मोडलं. तेव्हापासून जाऊबाईंनी सायकल बंद करायचा धोशा लावला. भाऊजी ऐकेनात. शेवटी तह झाला. आठवडाभर घरातच, लोखंडी स्टँडवर मागचं चाक रुळाला टेकवून पाय मारायचे, आणि रस्त्यावर फक्त रविवारी. "घाण्याला जुंपलंय मला," भाऊजी येईल त्याला सांगायचे. आम्ही खाली राहतो. रोज सकाळी आमच्या डोक्यावर तो घाणा घुमायचा. तो आवाज चालू असला की जाऊबाई निवांत पोळ्या लाटायच्या.

पण रूळ घासून घासून चांगला टायर महिन्या-दोन महिन्यांत गुळगुळीत व्हायला लागला. मग सायकलवाल्याने स्टँडसाठी वेगळं मागचं चाक बांधून दिलं. जुनी रिम, वर कडक, सपाट टायर. देताना म्हणाला, "काका, हे चाक घरकोंबडं आहे. रस्त्यावर काढू नका. ओल्यात साबणासारखं सटकतं."

भाऊजी हसले. जाऊबाईंनी मात्र ते वाक्य गाठीशी बांधलं. दुकानातून लाल रिबीन आणली आणि घरकोंबड्याच्या तारांना घट्ट गाठ मारली. लाल दिसलं की घरातलं. भाऊजींना चष्म्याशिवाय दोन्ही टायर सारखेच काळे दिसायचे, आणि हेल्मेटखाली चष्मा त्यांना नको असायचा. ते रिबीन बघून चाक बसवायचे.

त्या शनिवारी रुळाखालची काळी पूड उडून रिबीन मळली होती. जाऊबाईंनी ती सोडली, धुतली, वाळत घातली. दोन्ही चाकं भिंतीला टेकून उभी होती. संध्याकाळी रिबीन वाळली तशी त्यांनी ती खिडकीकडच्या चाकाला बांधली. घरकोंबड्याची जागा तीच. मधल्या वेळात भाऊजींनी केर काढताना चाकं इकडची तिकडे केली होती, हे त्यांना कुठून कळणार?

रविवारी भाऊजी उजाडताच गेले. मागून भुरभुर पाऊस आला. घरी राहिलेलं चाक भाऊजी भिंतीवरच्या खिळ्याला टांगून जातात, जाऊबाईंनी आधी तिकडे पाहिलं. त्या चाकाला लाल रिबीन लटकत होती. म्हणजे बरोबर चाक नेलंय. जीव भांड्यात पडला. मग सवयीने फडकं घेऊन त्या चाक पुसायला गेल्या, आणि बोटाला काहीतरी टोचलं. टायरच्या खाचेत एक खडा अडकला होता.

घरातल्या चाकाला खडा कुठून लागेल?

त्यांनी सगळ्या टायरवरून हात फिरवला. खाचा होत्या. घरकोंबड्याच्या टायरला खाचा नव्हत्याच.

फोन लावला. दोन रिंगा झाल्या आणि त्यांनीच कापला. चालत्या सायकलवर खिशात हात घातला तर? मग ते चाक खिळ्यावरून काढलं आणि पायांत सापडल्या त्या चपला घालून खाली उतरल्या. भाऊजी लांबच्या रस्त्याने टाकीच्या टेकडीवर जातात आणि शाळेच्या भिंतीकडच्या उतारावरून परत येतात, हे त्यांना ठाऊक होतं. चाक कधी काखेत, कधी रस्त्यावर घरंगळवत त्या निघाल्या. दूधवाला म्हणाला, "वहिनी, बाकीची सायकल कुठंय?"

"मागून येतेय," त्या म्हणाल्या. थांबल्या नाहीत.

उतार गाठला तेव्हा रस्ता आरशासारखा चमकत होता. त्या मधोमध उभ्या राहिल्या. चाक डोक्यावर धरायचं, ओरडायचं, थांबवायचं. वर वळणावर पिवळं हेल्मेट दिसलं. आणि त्याच क्षणी त्यांना सुचलं, की मला पाहून हे ब्रेक दाबतील. ओल्या रस्त्यावर, त्या चाकावर.

उभ्या टेम्पोच्या आड त्या चाकासकट घुसल्या. ओढणीचं टोक तोंडात कोंबलं. वरून आवाज जवळ येत होता. त्यांचं आयुष्य हाका मारण्यात गेलेलं. जपून जा, सावकाश, बघून. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी तोंड बंद ठेवलं. भाऊजी हाताच्या अंतरावरून गेले. खाली शाळेच्या फाटकापाशी वळताना मागचं चाक बाजूला सरकलं. बूट रस्त्यावर खरडत गेला, सायकल तिरकी झाली, पुन्हा सरळ झाली आणि थांबली.

भाऊजी उतरले. वाकून त्यांनी टायरवर तळहात ठेवला. तसेच वाकून राहिले.

जाऊबाई चालत त्यांच्यापर्यंत गेल्या. हे सगळं त्यांनीच मला नंतर सांगितलं.

"तू कधीपासून इथे?" भाऊजींचा चेहरा पांढरा पडला होता.

"तुम्ही वर होतात तेव्हापासून."

"मग हाक का नाही मारलीस?"

"ब्रेक दाबला असतात."

भाऊजी फुटपाथच्या कडेवर बसले. "मी रिबीन धुतली होती," जाऊबाई म्हणाल्या. "माझीच चूक."

"चाकं मी हलवली," ते म्हणाले. मग, "पायात दोन वेगळ्या चपला आहेत तुझ्या."

चाक तिथे बदलता आलं असतं. पण भाऊजींनी रस्त्यात बसवलेल्या चाकावर जाऊबाईंचा विश्वास बसेना. दोघं चालत घरी आले, ते सायकल ढकलत, त्या चाक काखेत धरून.

रिबीन आता नाही. रविवारी निघण्यापूर्वी जाऊबाई मागच्या टायरवरून पूर्ण एक फेरा हात फिरवतात, खाचा लागल्या की मान हलवतात, आणि काळा तळहात धुवायला आत जातात. त्यांची भीती तसूभरही कमी झालेली नाही.

मागच्या रविवारी मी विरजण मागायला वर गेले. भाऊजी हेल्मेट घालून, सायकल धरून दारात उभे. जाऊबाई आंघोळीला गेलेल्या.

"भाऊजी, अजून निघाला नाहीत?"

"नाही," ते म्हणाले. "हात फिरायचाय अजून."