जुन्या लोखंडासाठी वडीगोद्री

श्रावणात लोक महाबळेश्वरला जातात, कोकणात जातात, गेलाबाजार ताम्हिणीला तरी जाऊन भजी खाऊन येतात. मी वडीगोद्रीला गेले. जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात, धुळे-सोलापूर रस्त्यावर. कशाला, तर भंगार आणायला. हे ऐकून आमच्या विभागातल्या शिपायानेही माझ्याकडे काळजीने पाहिलं होतं.

आधी माझं काम थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. अणुभट्टीच्या आतल्या धातूंवर न्यूट्रॉनचा सतत मारा होत असतो. त्यातले किती न्यूट्रॉन धातू गिळतो आणि किती तसेच उडून जातात, हे आधी मोजून ठेवावं लागतं. त्या मापाला काटछेद म्हणतात. धातूची पातळ चकती न्यूट्रॉनच्या झोतात ठेवायची, बाहेर काढायची आणि ती किती किरणं सोडते ते मोजत बसायचं. अक्षरशः बसायचं. माझी चकती इतकं हळू बोलते की खोलीतल्या भिंती, फरशी, टेबल यांचीच कुजबुज तिच्यापेक्षा मोठी होते. म्हणून मोजणाऱ्या यंत्राभोवती शिशाचा कोट असतो आणि त्याच्या आत लोखंडाचं अस्तर.

गोम त्या अस्तरात आहे. अणुबॉम्बच्या चाचण्या सुरू झाल्यानंतर जे लोखंड वितळवलं गेलं, त्यात हवेतून, भंगारातून किरणोत्साराचा अंश उतरलेला असतो. माणसाला त्याने काही होत नाही, पण माझी चकती त्यात बुडते. मला हवं होतं त्याच्या आधीचं लोखंड, पुन्हा कधीच न वितळवलेलं. प्रकल्पाची मुदत दोनदा वाढवून झाली होती, न्यूट्रॉनच्या झोताची शेवटची पाळी भाद्रपदात होती, आणि तोवर अस्तर मिळालं नाही तर इतक्या वर्षांची मोजणी कचऱ्यात.

माझा जुना विद्यार्थी गणेश अंबडला कॉलेजात शिकवतो. घर वडीगोद्रीच्या बाहेर, शेतात. गेल्या खंडेनवमीला त्याने पूजेचा फोटो पाठवला. विळे, कुळवाची फास, आणि त्यांच्या पुढे झेंडू वाहिलेली, ओळीने मांडलेली बिडाची जाडजूड वजनं. पाच शेरी, दहा शेरी, निजामाच्या राज्याचा शिक्का मारलेली. त्याच्या आजोबांचं धान्याचं दुकान होतं त्या काळातली. किलो आल्यावर ती निकामी झाली आणि वर्षातून एकदा हळदकुंकू लावून घ्यायला उरली. मी फोटो पाहून ओरडलेच. दिवाळीला गणेशने त्यातलं एक आणून दिलं. यंत्राखाली ठेवलं, आठवडाभर मोजलं. चकार शब्द नाही! इतकं गप्प लोखंड मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. गणेशच्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, उरलेली सगळी द्यायचं कबूल केलं. मी अस्तराचं चित्र मापांसकट गणेशला पाठवलं, एवढ्या जागेत वजनं बसवायची आहेत म्हणून. त्याने ते तात्यांच्या फोनवर टाकलं.

तर, निघाले. पुण्याहून पहाटेची एसटी, अर्धं तिकीट. (बायकांनो, हा एक फायदा सोडू नका.) छत्रपती संभाजीनगरला उतरून बीडकडे जाणारी गाडी धरायची. कंडक्टरला चढतानाच वडीगोद्री सांगून ठेवा, काही गाड्या फाट्यावर न थांबता सरळ निघून जातात. माझ्या शेजारी एक बाई मांडीवर मोसंबीची पिशवी घेऊन बसल्या होत्या. पाचोडपर्यंत त्यांनी मला तीन मोसंबी खायला लावली.

"कुण्या गावाला?"

"वडीगोद्री."

"लगीन हाय का?"

"नाही, लोखंड आणायचंय."

"खा बाई," म्हणाल्या, आणि चौथं मोसंबं सोलायला घेतलं.

फाट्यावर गणेश मोटारसायकल घेऊन उभा होता. ऊन असं की श्रावण फक्त कॅलेंडरवर. आधी शेजारच्या अंतरवाली सराटीच्या चौकात चहा घेतला. चहा गोडमिट्ट, पण मिळाला तसा पिऊन टाकला. दोन्हीकडे कापूस गुडघ्याएवढा, सोयाबीन फुलावर, आणि पावसाने ओढ दिलेली. एकाने गणेशला विचारलं, "मॅडम पाण्याच्या तपासणीसाठी आल्या का?" गणेश म्हणाला, "न्हाई, आमच्या वजनासाठी." त्यावर टपरीवाल्यासकट सगळे हसले. मला हसायचंही त्राण नव्हतं.

तात्या सत्तरीचे, उंच, डोक्याला पांढरा रुमाल. मी ओट्यावर टेकते न टेकते तोच गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढे आला.

"तात्या, वजनं बघू या का?"

"आधी जेवा. लोखंड कुठं पळून जातंय?"

गणेशच्या आईने ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट दही वाढलं. येसर म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्यांचा मसालेदार पिठासारखा प्रकार. मराठवाड्यात गेलात आणि हे न खाता परत आलात तर तिकिटाचे पैसे फुकट गेले समजा. मी पाहुणी म्हणून काकूंनी वरून तेलाची धार धरली आणि मी "पुरे" म्हटल्यावरच ती खरी सुरू झाली.

जेवताना तात्यांनी विचारलं, "आमचा गण्या सांगतो, पर माझ्या काही ध्यानात येत न्हाई. तुम्ही मोजून राह्यल्या ते काय?"

"तात्या, अंधारात बोरीचं झाड आहे. दिसत नाही. त्याच्या दिशेने दगड मारत राहायचे आणि बोरं किती पडली ते मोजायचं. त्यावरून झाड केवढं ते सांगायचं."

"आन् बोरं पडल्याचा आवाज न्हाई आला तर?"

"तीच तर पंचाईत आहे. म्हणून तुमचं लोखंड हवंय. आजूबाजूचा गोंगाट थांबवायला."

तात्या खूश झाले. बायकोकडे बघून म्हणाले, "बघ, आपल्या दुकानाची वजनं अणूच्या कामाला चालली." मग हात धुऊन मिशीत हसत म्हणाले, "पर ती हितं न्हाईत."

"कुठे आहेत?"

"मॅडम, तुम्ही एवढ्या लांबून येणार, सरकारी मशिनीला लावणार. तसली गंजकी वजनं पाहुण्याच्या हातात देऊ का? लोकं काय म्हणतील? कैलास हाय ना आमचा पुतण्या, जालन्याला ओतकामाच्या कारखान्यात. त्याला दिली. तुमचा नकाशा बी दाखवला. म्हणलं, मॅडमला नवीकोरी करून दे, त्या मापाची."

गणेशच्या हातातला तांब्या तसाच राहिला. माझ्याकडे एमएस्सीला हेच शिकून गेलेला मुलगा!

"तात्या, कधी दिली?"

"झाले की आठ-पंधरा दिस. तुला सांगितलं न्हाई, म्हणलं मॅडमबराबर तुलाबी चकित करू."

कैलासला फोन लावला. बंद. पुन्हा लावला, बंद. तात्यांनी समजूत घातली, "भट्टीपाशी फोन न्हेत न्हाई तो. उद्या जाऊन घेऊन या ना. घाई काय?" मला घाई काय होती ते मी त्यांना कसं सांगणार? बाजेवर पडले. अंग मोडून आलं होतं, पण डोळा लागेना. नसेलच वितळवलं अजून, लोकांना कामं असतात, घरचं काम मागे पडतं, असं स्वतःलाच समजावत राहिले.

सकाळी अंबडचा एक टेम्पो ठरवला. जड सामान आणायचं असेल तर टेम्पो अंबडहूनच घ्या, महामार्गावरचे लोक तोंड पाहून भाव सांगतात. मी आणि गणेश ड्रायव्हरच्या शेजारी दाटीवाटीने. अंबड ते जालना रस्ता ठीक आहे, मध्ये मध्ये कंबर ढिली होते एवढंच. गणेश वाटेत एकदाच म्हणाला, "मॅडम, नुस्तं ठेवून दिलं असेल त्यानं. आळशी हाय तो पहिल्यापासून." मीही म्हटलं, "असेलच रे." कुणाच्या आळशीपणावर मी इतकी आशा कधी ठेवली नव्हती.

जालना हे लोखंड वितळवणारं गाव. देशभरातून भंगार येतं आणि सळया होऊन जातं. औद्योगिक वसाहतीत शिरलं की हवेलाच तापलेल्या धातूची चव लागते. इथे जुनं लोखंड जुनं ठेवायचं असतं हे कुणाच्या डोक्यात यावं तरी कसं? कैलासचा कारखाना लहान, पत्र्याचा. तो अंगावर काजळी, तोंडभर हसू अशा अवतारात धावत आला.

"या या मॅडम! फोनचं चार्जिंग गेल्तं. तुमचं तयार हाय. दोन रोज बाकीचं काम बाजूला ठिवून केलंय बघा."

पोत्यावर विटा मांडून ठेवल्या होत्या. बिडाच्या, घासून चकचकीत, कडा सरळ. माझ्या चित्रातली पोकळी त्याने विटांनी बरोबर भरून काढली होती.

"तुमच्या नकाशाबराबर हाय. वजनं थोडी कमी पडत व्हती, मंग आपला चांगला नवीन माल टाकला त्यात. त्याचे पैसे न्हाई घ्यायचे, तात्यांचं तसंच बोलणं हाय."

मी खालीच बसले, कारखान्याच्या फरशीवर. रडू आलं. खरंच आलं, उगाच लपवत नाही. कैलास घाबरला. "मॅडम, चुकलं का काही? माप हुकलं का?"

"नाही रे," मी म्हटलं. "माप अगदी बरोबर आहे."

त्याला वाटलं मी भारावून रडतेय. त्याने पळत जाऊन थंड पाण्याची बाटली आणली.

परतीच्या वाटेवर वडीगोद्रीला थांबावं लागलंच, तात्या रस्त्यावर येऊन उभे होते. त्यांनी टेम्पोत चढून एकेक वीट हाताने चाचपून पाहिली. गणेश माझ्या कानाशी म्हणाला, "मॅडम, त्यांना नका सांगू. बापाची शेवटची चीज व्हती ती त्यांच्या." मी सांगणार नव्हतेच. काय सांगणार होते, की तुम्ही फार माया केलीत? काकूंनी विटांच्या पोत्यावर धपाट्यांचं गाठोडं ठेवलं, आणि टेम्पो सुटला.

पुण्यात येऊन पहिलं काम म्हणजे एक वीट मोजली. किरणोत्सारी कोबाल्टची बारीकशी खूण दिसली, नव्या लोखंडात असते तशीच. तरी अस्तर लावलं, कारण दुसरं काही नव्हतंच. भाद्रपदातली पाळी झाली. चकतीचा आकडा आला, पण तो आणि त्याच्या दोन्ही बाजूंची अनिश्चितता पाहिली तर आकडा आहे म्हणायचा की अंदाज, हे माझं मलाच ठरवता येईना. अहवालात जसं आलं तसं लिहिलं. मुदत वाढली नाही. खोली आता दुसऱ्या गटाला मिळणार आहे. मी थकलेय, राग आला आहे आणि तो कुणावर काढावा हे अजून सापडलेलं नाही.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. येसराची आमटी खा, मोसंबीचं "नको" ऐकून घेतलं जाणार नाही याची तयारी ठेवा. फक्त तिथल्या माणसांकडे काही मागताना, ते कसं हवंय यापेक्षा कसं नकोय हे आधी सांगा. मी ते सांगितलं नव्हतं.

कपाट रिकामं करताना दिवाळीला आलेलं ते पहिलं वजन हाती लागलं. शिक्का, गंज, सगळं तसंच. माझ्याकडचं एकुलतं एक गप्प लोखंड. पुढे कधी दुसरा प्रकल्प मिळाला तर उपयोगी पडेल, असं म्हणून दोन दिवस टेबलावर ठेवलं. मग खंडेनवमी जवळ आली. तात्या या वर्षी पूजेला काय मांडणार, हा विचार डोक्यातून जाईना. वजन कापडात गुंडाळलं, खोक्यात घातलं आणि गणेशच्या पत्त्यावर पाठवून दिलं.

खंडेनवमीला सकाळीच तात्यांचा फोन.

"मॅडम, विटा बसल्या का बराबर?"

"बसल्या तात्या. मिलीमीटरचाही फरक नाही."

"मंग झालं तर. आन् हे एक मागं राह्यलं व्हतं व्हय तुमच्याकडं? आत्ताच पूजेत मांडलं. पर लई गंजलंय हो. कैलास दिवाळीला येणार हाय, त्याच्यासंगं देऊन ह्याला बी नवं करून धाडू का?"

"नको तात्या," मी जवळजवळ ओरडलेच. मग आवाज खाली आणला. "एवढं एक जुनंच राहू द्या."